घास थांबतो तिथे

७ जानेवारी

दादा,

फोन करून काही उपयोग नाही, म्हणून पुन्हा पत्र. परवा तू सारखं "काय?" म्हणत होतास आणि मी ओरडत होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या हाताखालच्या बायकांना वाटलं, आमच्या घरात भांडण पेटलं. कारखान्यातल्या त्या लेथ मशीनच्या आवाजाने तुझे कान खाल्ले. आता निदान डोळे तरी सांभाळ.

मावशीकडे तू दारात उभा होतास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. शर्ट खांद्यावरून ओघळलेला, गालांना खळगे. मला वाटलं मावशीचा भाडेकरू असेल. मग तू हसलास आणि कळलं. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याला म्हणतात मनावर घेणं." आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याने माझ्या हातातला केकचा तुकडा पुन्हा बशीत गेला.

मला हेवा वाटला, हे लपवत नाही. पण हेव्यापेक्षा सुटका जास्त वाटली. आबा आपल्याला पोरकं करून पन्नाशीतच वारले, आणि तू ऑगस्टमध्ये पन्नाशीचा होणार. डॉक्टरांनी आबांना किती वेळा सांगितलं होतं, वजन कमी करा, हृदय थकतंय. ते म्हणायचे, सोमवारपासून. आपल्या घरात जाडीने माणूस जातो, हे मी लहानपणापासून धरून चालले आहे. तू त्यातून बाहेर पडलास तर मला कितीतरी हलकं वाटेल, वजनकाटा काहीही म्हणो.

तेव्हा कसं केलंस ते लिही. लपवू नकोस. मी पण करणार आहे.

तुझी चिमणी (नावालाच)


१९ जानेवारी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सुट्टीत आता माझ्याकडे वेळ उरतो.

बारीक झालो हे खरं. मशीनची कड पूर्वी माझ्या पोटाला लागायची आणि एप्रनवर तिथे ग्रीसचा आडवा पट्टा उमटायचा. तुझी वहिनी तो घासून घासून वैतागायची. हल्ली पट्टा उमटत नाही. मशीन आणि माझ्यामध्ये हात जाईल एवढी जागा झाली आहे. फोरमन मला इतकी वर्षं "गोडाऊन" म्हणायचा, आता "हिरो" म्हणतो. जिना चढताना धाप लागत नाही. छातीतली ती जुनी जळजळसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाही.

कसं केलं ते सांगायला माझ्याजवळ काही नाही. पाव सोडला. मांस सोडलं. सूप, दूध, मऊ भात, कुस्करलेला बटाटा, एवढ्यावर चालतं. सावकाश जेवतो. यात माझं कर्तृत्व नाही, आणि ज्यात आपलं कर्तृत्व नाही त्याची फुशारकी मारू नये. तू मला लहानपणापासून ओळखतेस. ताटातलं संपल्यावर मी पातेल्याकडे बघणारा माणूस. अशा माणसाला जे जमणार नव्हतं ते जमतंय, एवढंच समज.

तू एकदम काही करू नकोस. दिवसभर भट्टीसमोर उभी असतेस.

आशीर्वाद,
दादा


२ फेब्रुवारी

दादा,

तुझी रीत मी दहा दिवस पाळली. अकराव्या दिवशी वसतिगृहाच्या मुलींसाठी केलेले बटाटे चाखता चाखता अर्धी परात चाखली. पाव सोडल्यावर मला स्वप्नातसुद्धा पाव दिसतो. कामाच्या बायका म्हणतात, "बाई, तुम्ही जेवा हो, तुम्ही उपाशी असलात की आमच्यावर चिडता." वजन तसूभर हललं नाही. वरून रोज झोपताना घशाशी आंबट येतं ते येतंच.

मला एक सांग, तुला भूक लागत नाही का? लागत असेल तर थांबतोस कसा? माझा हात तर माझं ऐकत नाही.

सोबत डबा पाठवते आहे. तुझी आवडती लोण्याची बिस्किटं, कडा लालसर होईपर्यंत भाजलेली. हा मोह आहे हे सांगून पाठवते. पूर्वी तू हा डबा उभ्या उभ्या संपवायचास आणि वहिनीला रिकामा दाखवून "वाटेत फुटला" म्हणायचास. बघू तरी, खरंच सुधारला आहेस की मावशीपुढे सोंग होतं.

चिमणी


२१ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

डबा मिळाला. एक बिस्कीट दुधात बुडवून ठेवलं, पूर्ण विरघळल्यावर चमच्याने खाल्लं. त्यातलं निम्मंच गेलं. चव तीच आहे. बाकीची बिस्किटं वहिनी कामावर घेऊन गेली, तिच्या मैत्रिणींनी तुझी आठवण काढली.

तू भुकेचं विचारलंस. मी खोटं लिहू शकत नाही. भूक लागते. खूप लागते. ताट समोर आलं की तोंडाला पाणी सुटतं. पण मला थांबावं लागत नाही, मला थांबवलं जातं.

हे कुणाला सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी माझा वाढदिवस झाला त्या सकाळी मी आबांचा विचार करत होतो. कामावर जायच्या आधी मी रोज थोडा वेळ शांत बसतो, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं. म्हटलं, माझ्या हाताला आवर नाही, तूच आवर. मला आबांसारखं ताटावर जाऊ देऊ नकोस. आणि काही आठवड्यांत सुरू झालं. घास गिळला की छातीच्या मधोमध येऊन थांबतो, कुणीतरी आतून हात धरून "पुरे" म्हणावं तसा. आधी फक्त पावाच्या वेळी व्हायचं. आता भातालाही होतं. पाण्याचा घोट घेऊन उभं राहिलं की हळूहळू उतरतो, कधी परत येतो. तेव्हा मी उठून बाहेर जातो.

मागितलेलं मिळालं की त्याचा गवगवा करू नये, म्हणून वहिनीलाही बोललो नाही. तूही बोलू नकोस. तुला एवढ्यासाठी लिहिलं की तू उगाच स्वतःला दोष देशील. तुझा हात कमजोर नाही. माझा हात दुसऱ्याने धरला आहे.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचताना भट्टीवरचं दूध उतू गेलं आणि मी बघत राहिले.

घास थांबतो म्हणजे काय? परत येतो म्हणजे काय? आधी पाव, मग भात, म्हणजे ते वाढत चाललं आहे. उद्या काय? तू बिस्कीट दुधात विरघळवून खाल्लंस आणि तेसुद्धा निम्मं. दादा, तू? त्या ओळीवरच माझं मन अडलं होतं.

हे बारीक होणं नाही. तुला जेवायचं आहे आणि जात नाही. मी काही डॉक्टर नाही, पण मी रोज दोनशे मुलींना जेवताना बघते. जिला नको असतं ती ताट सारते. जिला हवं असून जात नाही तिला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात नेतो.

या आठवड्यात डॉक्टरकडे जा. मी वहिनीला वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यात सगळं लिहिलं आहे. तू रागावशील. रागाव. मला तुझा राग चालेल.

चिमणी


५ मार्च

चिमणे,

मी तुला विश्वासाने लिहिलं आणि तू ते आठवड्याच्या आत वहिनीच्या हातात दिलंस. ती पत्र वाचून उठली आणि कपाट उघडून माझ्या पँटी मोजत बसली.

तुला काय वाटतं, मला भीती वाटली नाही? पहिल्यांदा घास अडला तेव्हा वाटली. मग मी विचार केला की मीच तर मागितलं होतं. ज्याच्याकडे मागितलं त्याने दिलं, आणि आता मी डॉक्टरकडे तक्रार घेऊन जाऊ, की जास्त दिलं? हे मला शोभत नाही. मी जाणार नाही, आणि या विषयावर मला पत्र नको.

दादा

(पाठीमागे, वेगळ्या अक्षरात)

ताई, हे पाकीट मी चिकटवते आहे म्हणून दोन ओळी. जाणार नाही म्हणतात, पण मंगळवारी नेते आहे. कारखान्यातून त्यांची रजा मी टाकली. मी काय करत होते माहीत आहे का? दर महिन्याला त्यांच्या पँटी कमरेत आत घेत होते, आणि शेजारणीला कौतुकाने दाखवत होते. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात, तेही मला वाटलं वयामुळे. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नाराज होऊ नका त्यांच्यावर.

वहिनी


२२ मार्च

प्रिय चिमणे,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते मनातून काढून टाक. वहिनीने नेलं. घशातून दुर्बिणीची नळी घातली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराला मिळते तिथे, गाठ आहे. तुकडा तपासून आला. कर्करोग आहे.

डॉक्टर तरुण बाई आहे. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिने कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून बोलायला लागली. मला ते आवडलं. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं परत बघता येतं. नोंद करणाऱ्या नर्सने मला विचारलं होतं, वजन ठरवून कमी केलंत का? मी "हो" म्हणालो होतो. डॉक्टरबाईंनी ते वाचलं, मग वहिनीने खरं काय ते सांगितलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून ते खोडलं.

त्यांनी समजावलं ते असं. इतकी वर्षं पोटावरची चरबी खालून दाबत राहिली, आम्ल वर येत राहिलं, आणि ती जागा भाजत राहिली. जाड माणसाला या प्रकारच्या गाठीचा धोका जास्त. वजन कमी करायला हवं होतं, पण ते तेव्हा. मी म्हणालो, आता तर झालंय ना कमी. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं: "बारीक होणं थांबवा. आता यानेच जीव जाऊ शकतो." शरीर खंगलं की औषधं सोसत नाहीत, शस्त्रक्रिया सोसत नाही. आधी औषधाच्या चार फेऱ्या, मग मधे थोडी विश्रांती, मग शस्त्रक्रिया. तोवर वजन आणखी उतरलं तर शस्त्रक्रिया करणार नाहीत. गाठ अजून काढता येण्यासारखी आहे. शरीर त्या दिवसापर्यंत टिकलं पाहिजे.

म्हणून त्या म्हणतात, पोटातून आतड्यात एक नळी घालायची आणि तिच्यातून अन्न द्यायचं. मी नाही म्हणून आलो.

वहिनी दोन दिवस बोलत नाही. तुला कारण सांगतो. मला मरणाची भीती आहे, पण त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. मी ज्याला कृपा म्हटलं ती गाठ होती. सकाळी बसून मी गाठीचे आभार मानत होतो. मग आयुष्यभर ज्याला ज्याला कृपा म्हटलं ते सगळं काय होतं? हल्ली सकाळी बसतो आणि लगेच उठतो. अंगणात फेऱ्या मारतो. कामावर गेलो तर माप चुकतं, दोन तुकडे वाया घालवले. ज्या माणसाला आपल्या छातीतलं कळलं नाही, त्याने नळी लावून घेऊन आणखी किती दिवस काय समजून घ्यायचं आहे?

तू एक कर. तुझ्या घशाशी आंबट येतं असं लिहिलं होतंस. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहिणीला तपासून घ्यायला सांगा. जा.

दादा


२६ मार्च

दादा,

मी गेले. तुझं पत्र आलं त्याच दुपारी गेले, एप्रनवर. सूज आहे, बाकी काही नाही. गोळ्या दिल्या आहेत आणि वजन हळूहळू उतरवा म्हणाले, रीतसर, जेवून. मी एका फटक्यात ऐकलं. आता तू ऐक.

दोन दिवस मी तुझ्या त्या प्रश्नावर विचार केला. मी तुझ्याइतकी देवभोळी नाही, भट्टीसमोर शांत बसायला वेळ मिळत नाही. पण मला एक कळत नाही. तू मागितलंस, ठीक. पुढे घास अडला, आणि "ही कृपा आहे" हे कोण म्हणालं? तूच म्हणालास. प्रश्न तुझा, उत्तरही तूच दिलंस, त्याच्या वतीने. त्याने काही म्हटलं होतं का? आणि आता ते उत्तर चुकलं म्हणून तू त्याच्यावर रुसून नळी नाकारतोस. चूक तुझी, शिक्षाही तूच ठरवलीस, आणि भोगायची कुणी? वहिनीने.

मीही काय केलं? तुझा हेवा केला, तुझं बघून उपाशी राहिले, डबा पाठवून परीक्षा घेतली. आपण सगळे जाडीला इतके भ्यायलो होतो की तू खंगत होतास आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. म्हणून मीही आता जेवायचं सोडून देऊ का?

आबांचं आठव. एका दुपारी ताट समोर होतं आणि ते खुर्चीत गेलेले होते. आपल्याला कुणी विचारलं नाही. "यांना वाचवायचं का?" असं विचारलं असतं तर आपण काय काय केलं असतं. तुला विचारलं आहे, दादा. मोठ्या अक्षरांत, कागदावर लिहून विचारलं आहे.

नळी घालून घे. ती काही तुझ्या श्रद्धेवर घालणार नाहीत, पोटात घालणार आहेत.

मी पुढच्या रविवारी येते. तोपर्यंत वहिनीशी बोल. ती बोलत नसेल तर तू सुरुवात कर, तू मोठा आहेस.

चिमणी


१४ एप्रिल

प्रिय चिमणे,

तू येऊन गेलीस, त्यानंतर आठवड्याने नळी घातली. तुझ्या समोर मी हो म्हणालो नव्हतो, हे तुझ्या मनाला लागलं असणार. तू गेल्यावर वहिनी शिवणाचा डबा घेऊन बसली आणि माझ्या पँटींच्या आत घेतलेल्या शिवणी उसवायला लागली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "जाड झालात तर लागतील." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सही केली.

पोटाच्या डाव्या बाजूला बोटाएवढी नळी आहे. अन्न पिशवीतून थेंबथेंब जातं. लेथवर तेल ठिबकतं तसं. फोरमन भेटायला आला होता, बघून म्हणाला, "हिरो, तुला आता चालू मशीनला ग्रीस घालतात तसं जेवण." मी हसलो. दुखलं, पण हसलो.

पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. ताटापुढे मी हात जोडतो. पिशवीपुढे कसे जोडायचे? तोंडाला चव नाही, दात हलत नाहीत, माणूस खुर्चीत नुसता बसलेला. मी तसाच विचार करत राहिलो. वहिनी म्हणाली, "आधी पोटात जाऊ द्या, मग काय जोडायचं ते जोडा." तेव्हापासून मी नंतर जोडतो. काही म्हणत नाही. नुसते जोडतो.

औषधाची पहिली फेरी झाली. उलट्या झाल्या, केस गळतील म्हणतात. एका जागी बसवत नाही. पिशवी हुकाला लावून घरभर फिरतो. दर सोमवारी वजन करतात. या सोमवारी उतरलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी कागदावर एवढंच लिहिलं, "छान." मी तो कागद मागून घेतला.

दादा


२९ जून

दादा,

मे महिन्यात वहिनीची दोन कार्डं आली. एकावर "ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय," दुसऱ्यावर "घरी आणलं, वजन घसरलं, पुन्हा चढवतोय." तुझ्या हातची एक ओळ नाही. आज तिचं तिसरं आलं. शस्त्रक्रिया ठरली, आठ तारखेला.

मला इथे काही सुचत नाही. परवा दोनदा मीठ घातलं. मुली बिचाऱ्या तसंच खाऊन गेल्या. मी गोदामात जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. बायका म्हणतात, बाई, तुम्ही जा घरी. घरी जाऊन तरी काय करू, घरी भिंती आहेत.

वहिनी लिहिते, जठर वर ओढून त्याचीच नवी नळी करणार, आणि किती पसरलं आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मी ते वाक्य परत परत वाचते. वाचून त्यात काही बदल होत नाही.

मी सातला संध्याकाळी येते. तू शस्त्रक्रियेला आत जाण्याआधी तुला काही सांगायचं आहे, ते समोर आल्यावर नक्की राहून जाईल, म्हणून लिहिते. भांडले त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तू अजून भांडण्यासारखा राहावास, एवढंच मला हवं आहे.

चिमणी


१९ जुलै

प्रिय चिमणे,

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. हातात सुया आहेत.

तू बारा तारखेला परत गेलीस तेव्हा मी जागा होतो, पण डोळे उघडायची ताकद नव्हती. तू पायांवरचं पांघरूण नीट केलंस ते कळलं.

गाठ पूर्ण निघाली. आजूबाजूच्या ज्या लहान गाठी काढल्या, त्यांतल्या दोन गाठींत रोग सापडला. म्हणून पुन्हा औषधं आहेत. डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही. लिहिलं की दोन वर्षं आम्ही लक्ष ठेवू, आणि तुमचं शरीर इथवर पोचलं नसतं तर काही करता आलं नसतं. वहिनीने तो कागद वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ऑगस्ट जवळ आला. मला वाटलं होतं पन्नाशीच्या त्या वाढदिवसाची भीती वाटेल. अजून तरी वाटत नाही. दुसऱ्याच गोष्टींची वाटते, खोकला आला की टाके सुटतील याची.

आज सकाळी नर्स चमचाभर पाणी घेऊन आली. मला बसतं केलं. वहिनी खुर्चीवरून उठून पलंगाच्या कडेला आली. मी चमचा तोंडात घेतला आणि गिळायला घाबरलो. पाणी तसंच जिभेवर धरून बसलो. नर्सने स्वतःच्या गळ्यावरून बोट खाली नेऊन खूण केली. मग गिळलं.

मी वाट बघत राहिलो. छातीच्या मधोमध जिथे ते थांबायचं, तिथे लक्ष लावून बसलो. थांबलं नाही. गेलं.

वहिनीने ओठ हलवून विचारलं, काय वाटतं? मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण या वेळी मी त्याला काही नाव दिलं नाही.

दुसरा चमचा मागितला.

दादा